डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, सावकाश

“ज्यांच्या लक्षातच राहणार नाही, त्यांना एवढ्या दूर न्यायचे तरी कशाला?”

आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यात कुत्सितपणा नव्हता, काळजीच होती. तरीही तो काट्यासारखा रुतून बसला. ज्यांच्या घरी विस्मरणाचा आजार वस्तीला आला आहे, त्यांना हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत भेटला असेल. नातवाच्या मुंजीला कशाला न्यायचे, नाटकाला कशाला बसवायचे, नवा सदरा तरी कशाला शिवायचा? या प्रश्नाचे उत्तर मला डेन्मार्कच्या किनाऱ्यावर सापडले. आज आपल्याला सांगायचे आहे ते त्या उत्तराविषयी आणि त्या किनाऱ्याविषयी.

ही गोष्ट २०२३ सालच्या जून महिन्यातली. यजमान तेव्हा ७६ वर्षांचे होते, मी ७१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी ह्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले होते. अवस्था आरंभीची होती. माणसे ओळखता येत, पत्त्यांचा डाव मांडता येई. परंतु सकाळचे दुपारी आठवत नसे आणि नव्या जागी गोंधळ उडे. हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. बालपण हर्णै बंदराच्या काठी गेलेले. चिरंजीव आणि सूनबाई डेन्मार्कमधील ऑर्हुस या शहरात स्थायिक आहेत. “आई, बाबांना आत्ताच घेऊन या, पुढच्या वर्षी कोण जाणे,” असे सूनबाई दूरध्वनीवर म्हणाली. त्या ‘कोण जाणे’पुढे माझ्या सगळ्या शंका थांबल्या.

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट, आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांना विचारले. “न्या, पण जागा बदलत फिरू नका,” असा सल्ला त्यांनी दिला. एक घर मुक्कामाचे धरावे, त्याच खोलीत, त्याच उशीवर रोज निजावे आणि दिवसातून एकच ठिकाण पाहावे. हा सल्ला नसता, तर आमचा प्रवास फसला असता.

डेन्मार्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे औषधांच्या वेळा नव्याने लिहून घेतल्या. गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. युरोपच्या प्रवेशपरवान्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण त्यात जुने आजार धरले आहेत की नाहीत, हे आपण स्वतः वाचून पाहावे. आणखी एक गोष्ट केली. ह्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात एक कार्ड ठेवले. त्यावर नाव, विस्मरणाचा त्रास असल्याचा उल्लेख आणि चिरंजीवांचा दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत आणि डॅनिशमध्ये लिहिला होता. कार्ड लिहिताना माझा हात थरथरला, हे कबूल करते. आपल्या माणसाच्या खिशात त्याचा पत्ता ठेवावा लागणे ही सोपी गोष्ट नव्हे.

विमानात दर दोन तासांनी ह्यांना दोन रांगांमधून फिरवले, बसल्या बसल्या घोट्यांची हालचाल करायला लावली, पाणी पाजत राहिले. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयोवृद्धांना अधिक असतो. पायमोज्यांविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

सपाट, हिरवा आणि समुद्राने वेढलेला देश

डेन्मार्क हा युटलंड नावाचे द्वीपकल्प आणि चारशेहून अधिक बेटे मिळून झालेला देश आहे. त्याचा किनारा सात हजार किलोमीटरांहून लांब असून देशात कोठेही उभे राहिले तरी समुद्र साधारण पन्नास किलोमीटरांच्या आतच असतो. सर्वांत उंच नैसर्गिक जागा म्हणावी, तर ती जेमतेम १७१ मीटरांची. म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना हा देश मानवणारा! मात्र वारा दांडगा असतो. जूनमध्येही अंगात स्वेटर आणि कानाला रुमाल हवाच.

मराठी माणसाला हा देश अगदीच परका नाही. १६२० पासून १८४५ पर्यंत तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी डॅनिश लोकांच्या ताब्यात होती. तेथील डॅनिश मिशनमध्ये आलेल्या श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे शिकले. ग्रंथांवर आणि विज्ञानावर प्रेम करणाऱ्या त्या राजाच्या घडणीत या दूरच्या देशाचाही थोडा वाटा आहे.

ऑर्हुसमध्ये आम्ही पहिले तीन दिवस काहीच पाहिले नाही. सकाळी पोराच्या घरामागील बागेत बसलो, सायंकाळी बंदरावर फेरी मारली. डॅनिश लोकांच्या बोलण्यात ‘ह्युगा’ हा शब्द वारंवार येतो. आपल्या माणसांसोबत, मंद प्रकाशात, कॉफीचा पेला हातात घेऊन, घाई न करता बसणे म्हणजे ह्युगा. आपल्याकडे ओसरीवर दिवेलागणीला माणसे बसत, त्याच जातीचे हे सुख. आजारी माणसाला सोबत म्हणजे याहून वेगळे काय हवे असते?

जेवणात काळसर, आंबूस चवीचा पाव असतो. राय नावाच्या धान्याचा हा पाव तंतुमय असतो आणि पोटात बराच वेळ टिकतो. त्याच्या एकाच कापावर लोणी लावून वर उकडलेले बटाटे, अंडे किंवा हेरिंग मासा रचतात. हर्णैच्या ह्या माणसाने मुरवलेली हेरिंग मिटक्या मारीत खाल्ली. तिच्यात मीठ पुष्कळ असते. रक्तदाब असणाऱ्यांनी एका तुकड्यावर समाधान मानावे.

जुन्या गल्लीत

चौथ्या दिवशी ‘डेन गाम्ले ब्यू’ म्हणजे ‘जुने गाव’ पाहायला गेलो. १९१४ साली सुरू झालेले हे उघड्यावरचे संग्रहालय. देशभरातील जुनी घरे उतरवून येथे पुन्हा उभी केली आहेत. एका भागात १८६४चा काळ, दुसऱ्यात १९२७चा, तिसऱ्यात १९७४चा. गल्ल्यांत गोल दगडांची फरसबंदी आहे. काठी असली तरी सोबतीचा हात हवाच.

१९७४च्या घरात आम्ही शिरलो आणि हे थबकले. तबकडीचा दूरध्वनी, ट्रान्झिस्टर, फुलाफुलांचे पडदे. आमच्या लग्नानंतरची वर्षे ती! तबकडीकडे पाहून ह्यांनी धरणावरच्या कचेरीतील दूरध्वनीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यात रात्री दोन वाजता पाण्याची पातळी कशी कळवावी लागे, तार तुटली की शिपाई सायकलवरून कसा धावे, सगळे क्रमवार. सकाळची न्याहारी न आठवणारे हे गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वीची रात्र मिनिटामिनिटाने सांगत होते.

तेव्हा सूनबाईने एक गोष्ट सांगितली. या संग्रहालयात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी १९५०च्या दशकातील एक बिऱ्हाड मुद्दाम मांडलेले आहे. वृद्धाश्रमांतून आणि शुश्रूषागृहांतून त्यांचे छोटे गट तेथे येतात. त्या काळच्या पद्धतीने कॉफी होते, त्या काळच्या वस्तू हाताळायला मिळतात आणि जुन्या वासांनी, चवींनी, सुरांनी आठवणी वर येतात. आजार त्याने बरा होत नाही. परंतु तासभर त्या माणसाला आपण कोण हे कळते, आणि सोबतच्यांनाही ते नव्याने कळते.

वाचकहो, यासाठी डेन्मार्कला जाण्याची आवश्यकता नाही. माळ्यावरचा पानाचा डबा, दळणाचे जाते, जुना रेडिओ, शाळेतील पाटी एवढे साहित्य प्रत्येक मराठी घरात निघते. “आठवतंय का?” असे मात्र विचारू नये, ती परीक्षा होते. वस्तू हातात द्यावी आणि गप्प बसावे.

एका मुलाने उभारलेला दगड

व्हायकिंग म्हटले की शिंगांचे शिरस्त्राण घातलेला लुटारू डोळ्यांपुढे येतो. व्हायकिंग लोक तसली शिंगे घालीत असल्याचा पुरावा नाही. साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतचा हा काळ. त्यांनी लूट केली हे खरे, पण ते शेतकरी, व्यापारी आणि अव्वल दर्जाचे नौकाबांधणी करणारेही होते.

ऑर्हुसपासून तासाभराच्या अंतरावर येलिंग नावाचे लहानसे गाव आहे. दोन प्रचंड मातीचे ढिगारे, मधोमध पांढरे चर्च आणि चर्चच्या दारापाशी दोन कोरीव दगड. धाकटा दगड गोर्म राजाने आपली पत्नी थीरा हिच्या स्मरणार्थ उभारला. थोरला दगड त्यांचा मुलगा हाराल्ड ब्लूटूथ याने इ.स. ९६५च्या सुमारास आई-वडिलांच्या स्मरणार्थ कोरवून घेतला. त्यावर डेन्मार्क हे नाव असल्याने त्याला देशाचा जन्मदाखला म्हणतात. १९९४ पासून हे स्थळ जागतिक वारशात आहे, आणि ऊन-पावसाने अक्षरे झिजू नयेत म्हणून २०११ पासून दगड काचेच्या आवरणात ठेवले आहेत. आम्ही गेलो त्याच वर्षी, सप्टेंबरात, हाराल्डच्या काळातील पाच वर्तुळाकार गढ्यांनाही तो मान मिळाला.

या राजाचे नाव आपल्या खिशात असते, हे ठाऊक आहे का? भ्रमणध्वनीतील ‘ब्लूटूथ’ त्याच्यावरूनच आले. तुटक प्रदेश जोडणाऱ्या राजाचे नाव उपकरणे जोडणाऱ्या तंत्राला दिले. त्याची खूणही रून लिपीतील त्याच्या आद्याक्षरांची आहे. माझे श्रवणयंत्र याच तंत्राने दूरध्वनीला जोडलेले आहे. श्रवणयंत्रांचा धंदाही या देशात जुना. हान्स डेमान्ट नावाच्या गृहस्थाने ऐकू न येणाऱ्या पत्नीसाठी यंत्र मिळवले आणि १९०४ साली त्याचाच व्यवसाय सुरू केला. बायकोला आपले बोलणे ऐकू यावे एवढाच त्या उद्योगाचा आरंभ!

चिरंजीव ह्यांना दगडावरचा मजकूर समजावून सांगत होता. “मुलाने आई-वडिलांसाठी कोरला, बाबा.” हे म्हणाले, “चांगला मुलगा.” पाच मिनिटांनी पुन्हा विचारले, “हा दगड कोणी उभारला?” चिरंजीवाने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हाही त्याने पहिल्याच सुरात सांगितले. मी तोंड फिरवून चर्चकडे पाहत राहिले.

वाळू, दीपगृह आणि एक मनोरा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेला स्कागेनकडे निघालो. डॉक्टरांचा नियम आम्ही इथेच मोडला. दोन रात्री किनाऱ्याजवळ भाड्याच्या उन्हाळी घरात राहायचे होते. ह्यांची उशी आणि पलंगपोस मात्र सोबत घेतले.

वाटेत लिंडहोल्म हॉय ही टेकडी लागते. व्हायकिंग आणि त्यापूर्वीच्या काळातील सुमारे सातशे थडगी येथे आहेत. काहींभोवती दगड होडीच्या आकारात रचले आहेत. वाऱ्याने वाहून आलेल्या वाळूखाली ती शतकानुशतके दडून राहिली आणि म्हणूनच वाचली. आता तेथे मेंढ्या चरतात.

वाळूचे दुसरे रूप त्याच दुपारी पाहिले. रुब्येर्ग क्नूडचे दीपगृह १९०० साली उजळले, तेव्हा ते कड्यापासून दोनशे मीटर आत होते. समुद्र कडा खात आला आणि वाऱ्याने वाळूचे डोंगर रचले. इतके की दिवा समुद्रावरून दिसेना. १९६८ साली तो विझवला. पुढे कडा सहा मीटरांवर येऊन ठेपला, तेव्हा २०१९च्या ऑक्टोबरात लोकांनी अख्खे दीपगृह रुळांवर चढवून सत्तर मीटर मागे सरकवले. समुद्र तेथेही पोहोचणार, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी काही दशके मिळाली.

वाहनतळापासून तेथवर वाळूतून बरेच चालावे लागते. आम्ही दोघे दुरूनच पाहत बसलो. पण सूनबाईने सरकवण्याची चित्रफीत लावली मात्र, आणि ह्यांच्यातला अभियंता जागा झाला. “पायाखाली तुळया कशा घातल्या? वजन किती? मधेच वारा सुटला असता तर?” प्रश्नांची सरबत्ती. आणि शेवटी म्हणाले, “सत्तर मीटर म्हणजे फार नाही. पण जमतील तेवढे सरकवायचे.” शुश्रूषा करणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे असे मला वाटते. आपण आजार हटवत नसतो. आपल्या माणसाला जमतील तेवढे मीटर मागे सरकवीत असतो.

स्कागेनपाशी वाळूत गाडलेले एक चर्च आहे. अठराव्या शतकात त्याच्या दाराशी इतकी वाळू साचे की प्रार्थनेला जाण्यापूर्वी ती उपसावी लागे. अखेर १७९५ साली लोकांनी ते सोडून दिले. मुख्य इमारत पाडली, पांढरा मनोरा तेवढा खलाशांना खूण म्हणून ठेवला. काही गोष्टी सोडाव्या लागतात. पण सोडतानाही कोणाला तरी वाट दाखवील एवढे ठेवावे, हे त्या लोकांना सुचले.

दोन समुद्रांच्या टोकाशी

स्कागेनच्या पुढे ग्रेनेन नावाचे वाळूचे टोक आहे. तेथे स्कागेराक आणि कॅटेगॅट हे दोन समुद्र भेटतात. चालवत नसेल त्यांच्यासाठी ट्रॅक्टरने ओढायची एक गाडी वाळूवरून टोकापर्यंत नेते. तिच्यात आमच्यासारखेच काठ्या घेतलेले पुष्कळ जण होते. टोकावर दोन दिशांनी आलेल्या लाटा समोरासमोर आदळतात. पाण्यात पोहायला बंदी आहे, कारण प्रवाह फसवे असतात. परंतु घोटाभर पाण्यात लोक एक पाय या समुद्रात, एक पाय त्या समुद्रात ठेवून उभे राहतात. आम्हीही उभे राहिलो. पाणी असे थंड की ह्यांनी “आई गं!” म्हणून माझा दंड पकडला आणि दोघेही लहान मुलांसारखे हसलो. एक सावधगिरी सांगते. डॅनिश लोक थंड समुद्रात हौसेने डुंबतात, परंतु हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी त्यांचे अनुकरण करू नये.

स्कागेनच्या संग्रहालयात पी. एस. क्रोयर या चित्रकाराची चित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील प्रकाशाला भुलून अनेक चित्रकार या मच्छीमार गावात येऊन राहिले. मिकाएल आणि आना आंकर हे दांपत्य त्यांतलेच. क्रोयर यांच्या १८९३च्या एका चित्रात दोन स्त्रिया निळसर संध्याकाळी किनाऱ्यावरून चालत आहेत. पुढे क्रोयर यांना मनोविकाराने ग्रासले, दृष्टीही मंदावत गेली. तशा अवस्थेत १९०६ साली त्यांनी उन्हाळी होळीचे मोठे चित्र पूर्ण केले. १९०९ साली ते गेले.

त्या चित्रातील होळी आम्ही प्रत्यक्ष पाहिली. २३ जूनच्या संध्याकाळी देशभर किनाऱ्यांवर शेकोट्या पेटतात. सांक्ट हान्सची संध्याकाळ ती. भाषण होते, सर्व जण मिळून गाणे म्हणतात. उजेड असल्याने ज्वाळा आधी फिकट दिसतात, मग हळूहळू लाल होतात. हे माझ्या कानाशी म्हणाले, “शिमगा लवकर आला या वर्षी.” मी म्हटले, “हो, आला खरा.” चूक दुरुस्त करण्यासारखे त्यात काय होते?

पहाटेचे चार

आता जे सांगते, ते न सांगता हा लेख संपवला असता, तर आपली फसवणूक झाली असती.

जूनच्या अखेरीस या भागात रात्री दहानंतर सूर्य मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आधीच उगवतो. ऑर्हुसच्या घरी आम्ही जाड काळे पडदे लावले होते. त्या उन्हाळी घरात पडदे पातळ होते, आणि माझ्या ध्यानात ते आले नाही. होळीच्या रात्री दमून झोपले. जाग आली तेव्हा खोलीत लख्ख उजेड होता, घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती आणि शेजारचा पलंग रिकामा होता. बाहेरचे दार उघडे होते. ह्यांच्या चपला जागेवर नव्हत्या.

त्या क्षणी मला आप्तांचा प्रश्न आठवला. “कशाला न्यायचे?” समुद्र पाचशे पावलांवर होता.

मी पायात काहीतरी सरकवीत चिरंजीवाला हाक मारली, तोच त्याचा दूरध्वनी वाजला. किनाऱ्याच्या वाटेवरील बाकावर एक वयस्क गृहस्थ कुत्र्याला घेऊन बसले होते. खिशातील कार्ड पाहून त्यांनीच कळवले होते. आम्ही धावत पोहोचलो, तेव्हा हे त्या गृहस्थांच्या थर्मासमधील कॉफी पीत शांतपणे समुद्राकडे पाहत होते. मला म्हणाले, “उजाडलं म्हणून फिरायला आलो. तू झोपली होतीस, उठवलं नाही.”

ते गृहस्थ मोडक्या इंग्रजीत एवढेच म्हणाले की त्यांच्या पत्नीलाही असेच होते. ‘होते’ या भूतकाळाचा अर्थ मला समजला. मी त्यांचे हात हातात घेतले. त्या पहाटे मला कोणत्याही तीर्थाहून तो बाक पवित्र वाटला.

दोष माझाच होता. नव्या जागी पहिल्या रात्री दार, कडी, पडदे आणि पाण्याचे अंतर तपासायला हवे होते. त्या दिवसापासून दाराला आम्ही छोटी घंटी बांधली. आपणही बांधा; घरीसुद्धा.

होडी कळतेय

परतीच्या वाटेवर कोपनहेगनहून आगगाडीने अर्ध्या तासात रोस्किल्डला गेलो. तेथील व्हायकिंग नौका संग्रहालयात फ्योर्डकाठच्या मोठ्या दालनात पाच जहाजे मांडलेली पाहिली. इ.स. १०७०च्या सुमारास शत्रूची वाट अडवण्यासाठी ही जुनी जहाजे दगड भरून फ्योर्डच्या अरुंद वाटेत बुडवली होती. १९६२ साली त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसले आणि त्यांचे हजारो तुकडे बाहेर काढले. आधी सहा जहाजे आहेत असे वाटले; मग कळले की दोन ढीग एकाच लांब युद्धनौकेचे आहेत. लाकूड नऊशे वर्षे पाण्यात मुरलेले. वाळले असते तर आकसून मोडले असते. म्हणून पाण्याच्या जागी मेणासारखे रसायन मुरवून, तुकडा तुकडा जुळवून ती उभी केली.

ती युद्धनौका तीस मीटर लांबीची, आयर्लंडमधील डब्लिन येथे १०४२च्या सुमारास बांधलेली. तिचा जेमतेम एक चतुर्थांश भाग उरला आहे. बाकीचा आकार लोखंडी सळ्यांनी दाखवला आहे. तिची प्रतिकृती बांधून २००७ साली लोक डब्लिनपर्यंत शिडाने आणि वल्ह्यांनी गेले होते.

हे बराच वेळ जहाजांपुढे उभे राहिले. हर्णैच्या बंदरात मचव्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेला मुलगा त्यांच्या डोळ्यांत मला दिसला. “फळीवर फळी चढवलीय,” ते म्हणाले, “कौलांसारखी.” मग त्या लांब नौकेच्या सळ्यांवरून नजर फिरवीत म्हणाले, “बरीचशी गेलीय. पण होडी कळतेय.”

वाचकहो, मला माझे उत्तर मिळाले. ह्यांच्यातले बरेचसे गेले होते, आणखी जाणार होते. पण माणूस कळत होता. उरलेल्या फळ्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून भोवती जी लोखंडी चौकट लागते, ती म्हणजे आपण. एकच गोष्ट तीनदा न चिडता सांगणारा मुलगा, खिशातले कार्ड, बाकावरचा अनोळखी गृहस्थ, दाराची घंटी. प्रवासाला न्यायचे ते आठवण साठवण्यासाठी नव्हे. घोटाभर थंड पाण्यात उभे राहून जे हसू आले, ते त्या क्षणी पुरते खरे होते. उद्या आठवले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही.

आपण निघणार असाल तर

- आजाराची अवस्था कोणती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उत्तर नकारार्थी आले तर ते मान्य करावे.
- दिवसाला एकच ठिकाण, दुपारची झोप ठरलेली आणि मुक्काम शक्यतो एकच.
- ओळखीची उशी, पांघरूण, सकाळचा चहा यांत बदल करू नये.
- नव्या जागी प्रथम दार, खिडक्या, न्हाणीघर आणि रात्रीचा दिवा पाहावा. उन्हाळ्यात युरोपात जाड पडदे आहेत का, हे आधीच विचारावे.
- डेन्मार्कमध्ये आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. तो घरातील प्रत्येकाच्या दूरध्वनीत असावा.
- सोबतीला दुसरे कोणीतरी असू द्यावे. शुश्रूषा करणाऱ्यालाही एखाद्या संध्याकाळी एकटीने किनाऱ्यावर चालता आले पाहिजे.

आणि एवढे दूर जाणे शक्य नसेल, तर हरकत नाही. जवळच्या नदीचा घाट, माहेरचे गाव, हर्णैचा किनारा हेही तितकेच चांगले.

आज ह्यांना डेन्मार्क आठवत नाही. सुनेचे नावही कधी आठवते, कधी नाही. पण भिंतीवर त्या नौकेचे छायाचित्र लावले आहे. परवा सकाळी चहा पिता पिता हे त्याच्यासमोर थांबले, बोटाने फळ्या मोजल्यासारखे केले आणि म्हणाले, “कौलांसारखी.”

मी चहा पुढे केला आणि म्हटले, “हो. अगदी कौलांसारखी.”